फ्रेंच भाषिकांना इंग्रजीतलं 'गेट' शिकवताना

बऱ्यापैकी इंग्रजी येणारा फ्रेंच माणूस कॉफी 'ऑब्टेन' करतो, घरी 'अराइव्ह' होतो आणि थंडी वाजू लागली की 'आय बिकम कोल्ड' म्हणतो. शब्द सगळे इंग्रजीच, अर्थही कळतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की समोरून कुणी सरकारी परिपत्रक वाचून दाखवतंय. आपल्याकडे एखाद्याने 'टपरीवर चहा प्राप्त केला' म्हणावं, तसंच हे. या सगळ्या जागी इंग्रज माणूस एकच छोटं क्रियापद वापरून मोकळा होतो: गेट. फाटकवालं नव्हे, जी-ई-टी वालं.

शब्दकोशात त्याच्याखाली लांबलचक यादी असते. मिळणे, आणणे, विकत घेणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे आणि आणखी बरंच. बरेच शिक्षक ही यादी फ्रेंच प्रतिशब्दांसकट विद्यार्थ्याच्या हातात ठेवतात. तो ती इमानदारीत पाठ करतो आणि तोंड उघडलं की पुन्हा 'ऑब्टेन'. माझं मत स्पष्ट आहे: यादी पाठ करून 'गेट' येत नाही. त्याच्या पुढे काय येतं ते पाहायची सवय लावली तर येतं.

मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये, कारण आपल्याकडे 'लागणे' आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो. एसटी फलाटावर लागते आणि घाटात तीच एसटी प्रवाशाला लागते. मूल रडू लागतं, आपल्याला उठावं लागतं. याचे अर्थ आपण कधी पाठ केले नाहीत. शेजारचा शब्द पाहून अर्थ आपोआप कळत गेला. 'गेट'चंही तेच आहे, फक्त तिथे शेजारी उजवीकडे बसतो.

हा लेख दोन प्रकारच्या मराठी वाचकांसाठी आहे. एक, जे पुण्यात किंवा मुंबईत बसून ऑनलाइन फ्रेंच विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतात. दुसरे, जे फ्रान्स, बेल्जियम किंवा क्युबेकमध्ये राहतात आणि ज्यांना सहकारी अधूनमधून 'हे जरा इंग्रजीत बघून दे' म्हणून पकडतात. तुम्हाला कामापुरतं फ्रेंच येतं असं मी धरून चाललो आहे. फ्रेंच शिकणाऱ्यांनी हाच रस्ता उलट्या दिशेने चालायला हरकत नाही.

पायरी १ : आधी त्याला बोलू द्या

पहिल्या तासाला 'गेट' हा शब्द उच्चारूच नका. पाच प्रसंग फ्रेंचमध्ये सांगा आणि इंग्रजीत बोलायला लावा: तुझा निरोप मिळाला, काल उशिरा घरी पोहोचलो, गॅरेजमधून गाडी दुरुस्त करून घेतली, भूक लागायला लागली, ही फाइल काही केल्या उघडत नाही. तो काय बोलतो ते जसंच्या तसं लिहून घ्या. मध्ये दुरुस्त करू नका.

बहुतेक वेळा कागदावर 'रिसीव्ह', 'अराइव्ह', 'मेक रिपेअर', 'आय हॅव हंगर' आणि 'आय डोंट सक्सीड टु ओपन' असं काहीतरी उतरतं. 'गेट' एकदाही नाही. त्याला शब्द माहीत नाही असं नाही, तो शाळेतच शिकला आहे. पण 'ऑब्तनीर'वरून 'ऑब्टेन', 'रसव्वार'वरून 'रिसीव्ह', 'आरिव्हे'वरून 'अराइव्ह' असे घरचे शब्द इंग्रजीत तयार बसलेले असताना परक्या शब्दाच्या वाटेला तो कशाला जाईल?

हे घरचे शब्द इंग्रजीत कसे आले ते त्याला सांगावं, फ्रेंच विद्यार्थी खूश होतात. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि दरबार, कायदा, चर्च यांची भाषा फ्रेंच झाली. म्हणून फ्रेंचमधून आलेल्या शब्दांना इंग्रजीत आजही कचेरीचा वास आहे. 'गेट' मात्र त्याआधी इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या 'गेता'वरून आला आणि घरात, शेतात, बाजारात रुळला. गंमत अशी की नॉर्मनसुद्धा मूळचे स्कँडिनेव्हियनच. ९११ मध्ये त्यांना नॉर्मंडीचा मुलूख मिळाला आणि पुढे ते स्वतःची भाषा विसरून फ्रेंच बोलू लागले.

पायरी २ : उच्चार, त्याचा आणि तुमचाही

फ्रेंचमध्ये ई आधी आलेला जी मऊ होतो. त्यामुळे जी-ई-टी ही अक्षरं फ्रेंच डोळा 'झेत' अशी वाचतो. पुरावा हवा असेल तर फ्रान्समधल्या कुठल्याही बारमध्ये जा. तिथे 'गेट २७' नावाचं हिरवंगार पुदिन्याचं लिकर मिळतं. बाटलीवर हीच तीन अक्षरं आणि मागताना सगळे म्हणतात 'झेत व्हँत-सेत'. नवख्या विद्यार्थ्याला हे उदाहरण दिलं की कठोर 'ग' पक्का बसतो. 'गिव्ह', 'गिफ्ट', 'गर्ल' याच वेळी करून टाका.

आता आपली बाजू. आपण मराठी माणसं फाटकाचं 'गेट' आणि हे 'गेट' जवळजवळ सारखंच म्हणतो, फार तर एक किंचित लांब. फ्रेंच कान मात्र 'ए'च्या दोन छटा काटेकोरपणे वेगळ्या ऐकतो, कारण त्याच्या भाषेत त्या वेगळ्या आहेत. तुम्ही बंद 'ए' वापरून 'गेट' म्हणालात तर त्याला फाटकच ऐकू येणार. तोंड थोडं जास्त उघडा, 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधोमध कुठेतरी. फ्रेंच 'पेर' म्हणजे वडील, त्यातला 'ए' जमत असेल तर तोच इथे चालतो. आणि शेवटचा 'ट' मूर्धन्य ठोकू नका.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. सुटं 'गेट' प्रत्यक्षात फारसं ऐकू येत नाही. 'गेट अप' जोडून 'गे-टप' होतं, अमेरिकन तोंडी 'गेडप'. 'गेट इट'चं 'गेडिट' आणि 'गॉट टु'चं 'गॉडा'. फ्रेंच माणसाला यासाठी 'लिएझाँ' आठवून द्यावं. 'पती' (छोटा) आणि 'आमी' (मित्र) हे फ्रेंच शब्द जोडून तो 'पतितामी' म्हणतोच की, पुढच्या स्वरावर 'त' उडी मारतो. इंग्रजीही तेच करते म्हटल्यावर चेहरा उजळतो.

पायरी ३ : 'आव्वार' आणि 'एत्र' ही किल्ली

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. 'गेट'चा गाभा एका वाक्यात असा: आधी नव्हतं, आता आहे. 'असणे' ही स्थिती असेल, तर तिच्यात प्रवेश करणं म्हणजे 'गेट'. आणि 'असणे'साठी फ्रेंच माणसाकडे 'आव्वार' (जवळ असणे, 'हॅव') आणि 'एत्र' (असणे, 'बी') ही दोन क्रियापदं इतकी मुरलेली असतात की ती त्याला वेगळी शिकवावी लागत नाहीत.

म्हणून फळ्यावर जोड्या लिहा. 'आय हॅव अ कार', माझ्याकडे गाडी आहे. 'आय गॉट अ कार', गाडी आली. 'आय ॲम टायर्ड', 'आय गॉट टायर्ड'. 'आय ॲम होम', 'आय गॉट होम'. 'आय ॲम मॅरिड', 'आय गॉट मॅरिड'. 'आय ॲम अप', 'आय गॉट अप'. डावीकडे स्थिती, उजवीकडे त्या स्थितीत येण्याचा क्षण. विद्यार्थ्याने आधी डावं वाक्य बनवायचं, ते त्याला येतंच, आणि मग 'हॅव' किंवा 'बी' काढून 'गेट' घालायचं. फ्रेंच प्रतिशब्द शोधायची गरजच उरत नाही.

एक फ्रेंच पुरावा जवळ ठेवा. 'आव्वार'चा पासे काँपोझे, म्हणजे बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ, 'झे यू'. त्याचा अर्थ बऱ्याचदा 'माझ्याकडे होतं' असा नसून 'मला मिळालं' असा होतो. 'झे यू ताँ मेसाज', तुझा निरोप मिळाला. 'झे यू माँ बाक', बाक म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा पास झालो. म्हणजे फ्रेंचमध्येसुद्धा 'असणे' भूतकाळात जाऊन 'मिळणे' होतं. हे त्याने आजवर हजारदा बोललेलं असतं, फक्त लक्षात आलेलं नसतं. 'झे यू' जिथे बसतं तिथे 'आय गॉट' बसवून बघ, एवढंच सांगा.

विद्यार्थी मॉरिशसचा असेल तर काम आणखी सोपं. तिथल्या मराठी भाषिक कुटुंबांतली मुलंही क्रेओल बोलतच मोठी होतात. त्या क्रेओलमध्ये फ्रेंच 'गान्ये' म्हणजे जिंकणे, कमावणे या क्रियापदाचं 'गान्य' झालं आहे आणि ते थेट 'गेट'सारखं चालतं: 'गान्य लाफिएव्ह' म्हणजे ताप येणे, 'गान्य पेर' म्हणजे घाबरणे. अशा मुलाला किल्ली द्यायची गरज नाही, ती त्याच्या खिशातच आहे.

पायरी ४ : पुढे वस्तू आली तर

'गेट अ लेटर', 'गेट अ जॉब', 'गेट अ कोल्ड'. पत्र आलं, नोकरी लागली, सर्दी झाली. फ्रेंच माणूस इथे अडतो तो एका वेगळ्याच कारणाने. 'आय गॉट सम ब्रेड' ऐकल्यावर त्याला ठरवायचं असतं की हे 'आश्ते' म्हणजे विकत घेतला, 'आले शेर्शे' म्हणजे जाऊन आणला, की 'रसव्वार' म्हणजे कुणी दिला. इंग्रजी मुद्दामच ते सांगत नाही. पाव घरात आला, विषय संपला. कसा आला याने काही बिघडत असेल तरच 'बॉट' किंवा 'वॉज गिव्हन' येतं.

त्यासाठी सराव असा घ्या: एकच वाक्य, तीन प्रसंग. 'आय विल गेट द बॅग्ज' हे विमानतळावर, दुकानात आणि पाहुणे निघताना. प्रत्येक वेळी फ्रेंच क्रियापद वेगळं निघेल आणि इंग्रजी तेच राहील. हे दोन-चारदा डोळ्यांसमोर झालं की 'आधी फ्रेंच ठरवू, मग इंग्रजी' ही सवय सैल होते.

'आय गेट इट' म्हणजे समजलं, हेही याच रांगेतलं. मुद्दा हाती आला. 'काँप्राँद्र'पेक्षा बोलीतलं 'पिझे' त्याच्या जास्त जवळ आहे. 'आय डोंट गेट इट' आणि 'झ पिझ पा' समोरासमोर ठेवा, पुढे काही सांगायला लागत नाही.

पायरी ५ : पुढे विशेषण आलं तर

'गेट ओल्ड', 'गेट रेड', 'गेट थिन'. इथे शाळेत घोटून घेतलेलं 'दव्हनीर म्हणजे बिकम' आडवं येतं. त्यावर उतारा म्हणजे फ्रेंचमधली 'ईर'ने संपणारी क्रियापदं: 'व्हिएयीर' म्हातारं होणे, 'रूझीर' लाल होणे, 'मेग्रीर' बारीक होणे, 'ग्रोसीर' जाड होणे. बोलताना फ्रेंच माणूससुद्धा इथे 'दव्हनीर' वापरत नाही. विशेषणापासून बनलेलं असं एखादं क्रियापद मनात आलं, की इंग्रजीत बहुधा 'गेट' आणि विशेषण.

भूक, तहान, थंडी यांची भानगड वेगळी. फ्रेंचमध्ये भूक 'असते', 'झे फँ', आणि त्यामुळे 'आय हॅव हंगर' जन्माला येतं. तिथे आधी 'आय ॲम हंग्री' दुरुस्त करून घ्या आणि मगच 'आय ॲम गेटिंग हंग्री'. या 'गेटिंग'ची मजा मराठीत नेमकी आहे: भूक लागायला लागली. फ्रेंचमध्ये 'झ कोमाँस आ आव्वार फँ'. 'इट्स गेटिंग लेट'साठी तर फ्रेंचमध्ये बनाबनाया प्रयोग आहे, 'इल स फे तार'. आणि 'द प्लूझ आँ प्लू' दिसलं की 'गेटिंग कोल्डर अँड कोल्डर'.

एक खड्डा इथे ठळकपणे दाखवा. 'होणे' या अर्थी 'गेट'पुढे विशेषण चालतं, नाम चालत नाही. 'आय वाँट टु गेट अ डॉक्टर' म्हणजे मला डॉक्टर व्हायचं आहे असं नव्हे. ऐकणारा घाबरून फोन शोधेल, कारण त्याचा अर्थ 'डॉक्टरला बोलवायचंय'. डॉक्टर, इंजिनिअर, बाप व्हायचं असेल तर 'बिकम'च हवं. आणि 'अ' विसरायचा नाही. फ्रेंचमध्ये व्यवसायापुढे तो लागत नाही म्हणून सारखा गळतो.

पायरी ६ : पुढे जागा आली तर

'आरिव्हे आ पारी'वरून फ्रेंच माणूस 'अराइव्ह टु पॅरिस' म्हणतो. इंग्रजीत हवं 'इन पॅरिस' आणि स्टेशन असेल तर 'ॲट'. हे सुधारण्यात वर्षं जातात. त्याला सांगा, 'गेट' वापर आणि तुझा लाडका 'टु' ठेव: 'गेट टु पॅरिस', 'गेट टु द स्टेशन', 'गेट टु वर्क'. चूक दुरुस्त करण्यापेक्षा चुकीला जागाच न ठेवणं केव्हाही बरं. फक्त 'होम', 'हिअर' आणि 'देअर' यांच्याआधी 'टु' नको.

गाडीत चढणं-उतरणं हा स्वतंत्र घोळ. फ्रेंचमध्ये बस असो की मोटार, दोन्हींत 'माँते' आणि दोन्हींतून 'देसाँद्र'. मराठीतही चढणे आणि उतरणेच. म्हणजे इथे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच नावेत. इंग्रजीत बस, ट्रेन, विमान यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. मोटार, टॅक्सी यांना 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. जिथे आत उभं राहून दोन पावलं चालता येतं तिथे 'ऑन', जिथे वाकून बसावंच लागतं तिथे 'इन', एवढा ठोकताळा पुरतो. सायकल आणि घोडाही 'ऑन'.

मात्र स्वतःवर लक्ष ठेवा. 'आय विल गेट डाउन ॲट दादर' हे आपण दिवसभर बोलतो आणि भारतात ते कुणाला खटकत नाही. लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसमधून 'गेट ऑफ' होतात. 'देसाँद्र'मुळे फ्रेंच विद्यार्थीही 'गेट डाउन'कडेच ओढला जातो. तुम्ही तसं बोललात तर त्याला वाटणार की आपलं बरोबरच आहे.

पायरी ७ : पुढे कृदंत आलं तर

'गेट ड्रेस्ड', 'गेट लॉस्ट', 'गेट मॅरिड' यांना फ्रेंचमध्ये 'स' लावलेली क्रियापदं आहेत: 'साबिये', 'स पेर्द्र', 'स मारिए'. हा भाग पटकन उरकतो. फक्त 'आय मॅरिड मायसेल्फ' असं काही ऐकू आलं तर हसू दाबायचं.

'गेट फायर्ड', 'गेट रॉब्ड' हे जास्त रसाचं आहे. कर्त्यावर काहीतरी येऊन आदळतं आणि बहुधा वाईट. यासाठी फ्रेंचमध्ये अगदी याच चवीचा प्रयोग आहे: 'स फेर'. 'इल से फे व्हिरे', त्याला कामावरून काढलं, म्हणजे 'ही गॉट फायर्ड'. इतका नेमका सांधा दोन भाषांत क्वचित जुळतो. पगार, बढती अशा चांगल्या गोष्टींनाही इंग्रजीत 'गेट' चालतं: 'गेट पेड', 'गेट प्रमोटेड'. पण आयफेल टॉवर १८८९ मध्ये 'गॉट बिल्ट' झाला असं कुणी म्हणत नाही. तिथे साधं 'वॉज बिल्ट'. माणसावर बेतलं तर 'गेट', इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य असेल तर 'बी'.

पायरी ८ : करवून घेणं

इथे थांबा, घाई करू नका. बोलताना सर्वांत जास्त गोंधळ याच जागी होतो.

केस कापून घेतले. फ्रेंचमध्ये 'झ म सुई फे कुपे ले शव्हो'. यावरून विद्यार्थी एकतर 'आय कट माय हेअर' म्हणतो, म्हणजे स्वतःच कात्री चालवली, किंवा शब्दाला शब्द ठेवून 'आय मेड कट माय हेअर'. हवं ते 'आय गॉट माय हेअर कट'. घोडं अडतं ते शब्दांच्या क्रमावर. फ्रेंचमध्ये दोन क्रियापदं एकमेकांना चिकटून बसतात, 'फे कुपे', आणि वस्तू शेवटी येते. इंग्रजीत वस्तू मध्ये घुसते.

मराठीत आपण 'केस कापून घेतले', 'गाडी दुरुस्त करून घेतली' म्हणतो तेव्हा वस्तू आधीच येऊन जाते, त्यामुळे आपल्याला हा क्रम तितका खुपत नाही. फ्रेंच विद्यार्थ्यासाठी पुन्हा पायरी ३ ची किल्ली काढा. काम झाल्यावरची स्थिती आधी सांगायची: 'माय कार इज फिक्स्ड'. त्यातला 'इज' उचलायचा आणि पुढे 'आय गॉट' ठेवायचं: 'आय गॉट माय कार फिक्स्ड'. 'माय हेअर इज कट', 'आय गॉट माय हेअर कट'. क्रम पाठ करावा लागत नाही, तो डावीकडच्या वाक्यातून तयारच येतो. हे कागदाच्या तीन चिठ्ठ्यांवर करून दाखवा: एकीवर गाडी, एकीवर 'इज', एकीवर 'फिक्स्ड'. मधली चिठ्ठी विद्यार्थ्यानेच हाताने काढून टाकायची. प्रौढ इंजिनिअरांनाही ही चिठ्ठ्यांची युक्ती चालते, लाजत नाहीत.

काम वस्तूवर नसून माणसाकडून करवून घ्यायचं असेल तर मध्ये 'टु' येतो: 'आय गॉट हिम टु साइन', त्याला सही करायला लावली. यात थोडी मनधरणी, थोडी खटपट असते. 'मेड हिम साइन' म्हटलं की जबरदस्ती आली. फ्रेंच 'फेर' दोन्हींना पुरतं म्हणून विद्यार्थी सगळीकडे 'मेक' वापरतो आणि विनाकारण दांडगा वाटतो. ऑफिसात हा फरक महत्त्वाचा आहे. क्लाएंटकडून बजेट मंजूर 'गॉट देम टु अप्रूव्ह' झालं हे कौतुक, 'मेड देम अप्रूव्ह' ही तक्रार.

निर्जीव वस्तूंनाही हे लागू पडतं. 'झ नारिव्ह पा आ उव्हरीर ल फिशिए', फाइल काही उघडत नाही, म्हणजे 'आय कांट गेट द फाइल टु ओपन'. 'आरिव्हे आ' म्हणजे जमणे, साधणे. त्याच्या जागी 'सक्सीड' आणलं की वाक्य परीक्षेच्या निकालासारखं होतं.

पायरी ९ : मिळतं आणि लागतं

दोन जवळजवळ सारखी दिसणारी वाक्यं. 'आय गेट टु गो' आणि 'आय हॅव गॉट टु गो'. पहिलं: मला जायला मिळतं. दुसरं: मला जावं लागतं. मराठीत हा फरक इतका साफ आहे की आपल्याला काही समजून घ्यावंच लागत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्यासाठी 'आव्वार ला शाँस द' किंवा नुसतं 'पुव्वार', दुसऱ्यासाठी 'दव्वार' किंवा 'इल फो'. वाक्यात संधी आहे की सक्ती, हे आधी विचारायचं आणि मग निवडायचं.

'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे नुसतंच 'माझ्याकडे गाडी आहे', ब्रिटनमध्ये सर्रास. अमेरिकेत 'आय हॅव गॉट' म्हणजे आहे आणि 'आय हॅव गॉटन' म्हणजे मिळालं. क्युबेकचा विद्यार्थी 'गॉटन' रोज ऐकतो, फ्रान्समधल्या लीलचा क्वचितच. ज्याला जिथे राहायचं, त्याला तिथलं शिकवावं.

उरलेलं सगळं, म्हणजे 'गेट अलाँग', 'गेट बाय', 'गेट ओव्हर', 'गेट रिड ऑफ', 'गेट अवे विथ', यांना वरची किल्ली नीट लागत नाही आणि ओढूनताणून लावूही नये. हे सरळ स्वतंत्र शब्द म्हणून शिकवा. 'साँताँद्र' म्हणजे 'गेट अलाँग', 'स देबारासे' म्हणजे 'गेट रिड ऑफ', विषय संपला. एका वेळी दोन-तीन, तेही त्याच्या कामात येतील तेव्हा.

पायरी १० : एक मेल घेऊन बसा

सुटी वाक्यं पुरे झाली की खरं लिखाण घ्या. विद्यार्थ्यांचे मेल साधारण असे असतात: 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर मेसेज. आय अराइव्ह्ड लेट टु माय होम बिकॉज आय हॅव मेड रिपेअर माय कार. आय डू नॉट सक्सीड टु ओपन द फाइल. कॅन यू ऑब्टेन मी द न्यू व्हर्जन?'

त्यालाच ओळ न् ओळ बदलू द्या: 'आय गॉट युअर मेसेज. आय गॉट होम लेट बिकॉज आय हॅड टु गेट माय कार फिक्स्ड. आय कांट गेट द फाइल टु ओपन. कॅन यू गेट मी द न्यू व्हर्जन?' चार ओळींत पाच वेळा 'गेट' आणि पाचही ठिकाणी काम वेगळं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हा मेल उत्तम. आता तोच मेल वरिष्ठांना किंवा अनोळखी क्लाएंटला लिहायला सांगा. तिथे 'थँक यू फॉर युअर मेसेज' येईल, 'कॅन यू गेट मी'चं 'कुड यू सेंड मी' होईल आणि गाडीची हकीकत बहुधा गळेल.

ही दुसरी फेरी टाळू नका. 'गेट' हाती आलं की काही विद्यार्थी त्याच्या प्रेमात पडतात आणि करारातही तेच कोंबतात. करारात परवानगी 'ऑब्टेन'च होते, तिथे त्याची फ्रेंच सवय अगदी योग्य आहे.

शेवटी वेळ कुठे घालवायचा याबद्दल. फ्रान्समध्ये इंजिनिअरच्या पदवीसाठी इंग्रजीची बी२ पातळी (युरोपीय मोजपट्टीवर मध्यमच्या वरची) दाखवावी लागते आणि त्यासाठी बरेच जण टोइक ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिथे ९९० पैकी ७८५ गुण म्हणजे बी२. असा विद्यार्थी तुमच्याकडे आला तर वाचनावर 'गेट'साठी तास घालवू नका. छापील इंग्रजीत 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अक्वायर' भेटतात आणि ते त्याच्या घरचेच. त्याचे गुण जातात ते फोनवरचं बोलणं ऐकताना, 'गेडिट' आणि 'गॉडा' कानावरून निसटतात तेव्हा. रोज थोडं संभाषण ऐकवा, प्रत्येक 'गेट'ला थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: पुढचा शब्द कोणता होता?